अवघड खेळ पुरा करताना



मुलांनी व्हिडीओ गेम किती वेळ खेळावेत, यावर आपण पुष्कळ ऐकतो. पण हौसेने हाती घेतलेला अवघड खेळ माणूस मध्येच का टाकून देतो आणि तो शेवटापर्यंत न्यायचा तर काय करावे, यावर फारसे कोणी बोलत नाही. आज त्यावरच बोलणार आहे. पाचोडला सोलापूर-धुळे रस्त्यालगत माझे दुरुस्तीचे दुकान आहे. आधी रेडिओ आणि टीव्ही यायचे, आता मोबाइल येतात. वयाची पन्नाशी जवळ आली तरी मी अजून खेळतो.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे व्हिडीओ गेम आले. जपानच्या निंटेंडो कंपनीने १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉम यंत्राच्या त्या नकला होत्या. माझ्याकडे त्यांचे रिमोट दुरुस्तीला यायचे. उघडून पाहिले की बहुधा एकच दोष निघायचा. 'ए' बटणाखालचे रबर झिजलेले असायचे, कारण मारियो उडी मारतो तो त्याच बटणाने. ते रबर पाहिले की पोराने किती उड्या मारल्या असतील आणि त्यांतल्या किती खड्ड्यात गेल्या असतील, याचा अंदाज यायचा. मारियोच्या कॅसेटमध्ये खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. वीज गेली की मारियो पुन्हा पहिल्या पायरीवर. आणि आपल्याकडे वीज किती जायची, हे मराठवाड्यातल्या श्रोत्यांना वेगळे सांगायला नको.

तरीही पोरे तो खेळ शेवटापर्यंत न्यायची. त्यांची जिद्द आजच्या मुलांपेक्षा जास्त होती, असे मला वाटत नाही. एका घरात यंत्र असायचे आणि समोर गल्लीतली पाच-सहा पोरे बसलेली असायची. एक खेळायचा, बाकीचे ओरडून सांगायचे. एक दमला की रिमोट दुसऱ्याच्या हातात जायचा. शिवाय कॅसेट एकच असल्याने दुसरीकडे पळायला जागा नव्हती. आज एकाच फोनमध्ये दहा खेळ असतात आणि खेळणारा एकटा असतो. एक खेळ अडला की दुसरा तयारच असतो आणि तो सोडल्याचे कोणाला कळतही नाही.

आता आपल्या मातीतल्या एका खेळाकडे पाहू. सापशिडीचे जुने रूप म्हणजे मोक्षपट. परंपरा त्याचे श्रेय संत ज्ञानेश्वरांना देते, आणि त्यांचे जन्मगाव आपेगाव आमच्या पैठण तालुक्यातच आहे. मोक्षपटात सापाच्या तोंडी पडणे हे दानावर अवलंबून असते. शंभर वेळा पडलात तरी एकशे एकाव्या वेळी तुमचा हात जास्त तरबेज झालेला नसतो. अवघड व्हिडीओ गेमचे तसे नाही. तिथला साप दर वेळी त्याच जागी, त्याच पद्धतीने डसतो. म्हणजे प्रत्येक पडण्यात एक माहिती असते. ती माहिती हाती लागेनाशी झाली, पडणे म्हणजे नुसतेच पडणे वाटू लागले, की माणूस खेळ टाकतो. माझ्या मते उत्साह संपण्याचे मुख्य कारण हेच आहे.

एक उदाहरण देतो. ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरी या छोट्याशा गटाने २०१७ साली 'हॉलो नाइट' नावाचा खेळ काढला. किड्यांचे एक उद्ध्वस्त राज्य आणि त्यात फिरणारा एक इवलासा योद्धा. त्यात 'मॅन्टिस लॉर्ड्स' नावाच्या तीन बहिणी आहेत. मॅन्टिस म्हणजे पुढचे पाय जोडून बसणारा, झाडाझुडपांत दिसणारा किडा. पहिली बहीण एकटी लढते, मग उरलेल्या दोघी एकदम येतात. मी तिथे आठ-नऊ संध्याकाळी अडकलो होतो. मग दुकानातली हिशेबाची वही घेतली आणि दर वेळी हरलो की मार कोणत्या डावाने बसला तेवढेच लिहू लागलो. त्यांचे मुख्य डाव तीनच: जमिनीलगत सरळ धावून येणे, वरून कोसळणे आणि बाजूच्या भिंतीवरून फिरते पाते फेकणे. दोन दिवसांची वही पाहून माझा पुतण्या म्हणाला, "काका, यात सगळीकडे 'वरून' असंच लिहिलंय. तेवढं एकच शिका ना!" त्या संध्याकाळी मी जिंकायचे डोक्यातून काढून टाकले आणि फक्त वरून येणारा वार चुकवायचा सराव केला. तिसऱ्या दिवशी त्या बहिणी हरल्या. हरल्यावर त्या योद्ध्यापुढे मान झुकवतात. त्या नमस्काराने मला झालेला आनंद मी अजून विसरलेलो नाही.

दुसरी गोष्ट झोपेची. रात्री एक वाजता पन्नासावा प्रयत्न करू नये. हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० साली २७ जणांना 'टेट्रिस' हा ठोकळ्यांचा खेळ खेळायला लावून पाहिले. अनेकांना झोप लागता लागता पडणारे ठोकळे दिसू लागले. त्यांत पाच जण स्मृती गेलेले होते. आपण हा खेळ खेळलो, हेच त्यांना आठवत नव्हते. तरी त्यांच्यातल्या काहींना ते ठोकळे दिसले. दिवसभर जे केले त्याची उजळणी मेंदू झोपेतही करत राहतो. काल रात्री न जमलेली उडी आज सकाळी सहज जमते, हा खेळणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट बक्षिसांची. एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली आणि त्यांतल्या काहींना दर कोड्यामागे एक डॉलर दिला. पुढे पैसे बंद होताच त्यांचा कोड्यातला रस आधीपेक्षा कमी झाला. आज मोबाइलवरचे कितीतरी खेळ रोज हजेरीबद्दल नाणी देतात. त्यांना शेवट नसतो, तो त्यांना नकोच असतो. नाण्यांची सवय झालेल्या मुलाला काहीच न देणारा अवघड खेळ कंटाळवाणा वाटला तर त्यात त्याचा दोष नाही.

मदत घेण्यात कमीपणा मानू नये. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो 'ग्रॅडियस' हा खेळ १९८६ साली फॅमिकॉमवर आणत होते. तपासणीसाठी खेळताना तो त्यांनाच जमेना, म्हणून त्यांनी बटणांची एक गुप्त चाल त्यात ठेवली. वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए. 'काँट्रा'मध्ये हीच चाल वापरून तीस जीव मिळत. खेळ बनवणाऱ्यालाच आधार लागला, तर तुम्हाआम्हाला लागला म्हणून काय बिघडले? २०१८ च्या 'सेलेस्ट' या डोंगर चढण्याच्या खेळात तर वेग कमी करण्याची सोय उघडपणेच दिली आहे.

"एवढे करून मिळते काय?" असे दुकानात येणारे शेतकरी मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. आमचा भाग मोसंबीचा. बाग लावली की फळ हाती यायला चार-पाच वर्षे लागतात. २०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या कितीतरी बागा पाण्याविना वाळल्या. त्या शेतकऱ्यांचे कष्ट कुठे कमी पडले नव्हते. शेतीत सगळे नीट करूनही माणूस हरतो, आणि त्या हरण्याची किंमत सगळे घर मोजते. खेळात हरण्याला किंमत नाही आणि केलेला सराव वाया जात नाही. प्रयत्न आणि फळ यांचा इतका सरळ हिशेब आपल्या आयुष्यात फार थोड्या ठिकाणी जुळतो. तो एकदा तरी जुळताना पाहावा, एवढ्यासाठी मला अवघड खेळ पुरा करणे मोलाचे वाटते.

तेव्हा घरातले पोर एखाद्या ठिकाणी अडून चिडले असेल, तर लगेच फोन काढून घेऊ नका. शेजारी बसा आणि विचारा, "मार कशाने बसतोय?" ते नीट सांगू लागले, तर ते शिकत आहे. सांगावेसेच वाटत नसेल, तर खेळ आनंदाने बंद करू द्या. प्रत्येक खेळ पुरा केलाच पाहिजे असा नियम नाही. फक्त सोडायचा तर ठरवून सोडावा, दमून नव्हे.