एका संख्येचे दोन अवयव



बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत गेले की राजाचे कोठार रिते होते. आता पटाला चौसष्टाऐवजी सदुसष्ट घरे आहेत असे समजू. मग एकूण दाणे होतील १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. म्हणजे दोनाचा सदुसष्टावा घात, उणे एक. या एकवीस अंकी संख्येविषयी आज आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

प्रश्न साधा आहे. ही मूळसंख्या आहे काय? एक आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही काय? मेर्सेन या फ्रेंच ख्रिस्ती साधूने १६४४ साली आपल्या मूळसंख्यांच्या यादीत तिला स्थान दिले. सिद्धता मात्र दिली नाही. माणूस विद्वान, पडताळा कष्टाचा. त्यामुळे ते विधान दोनशेहून अधिक वर्षे तसेच राहिले.

१८७६ साली लुकास या फ्रेंच गणित्याने ते खोडून काढले. गंमत अशी, की ही संख्या मूळ नाही हे त्याने दाखविले, पण तिचा एकही अवयव त्याच्या हाती लागला नाही! हे कसे? मडके बोटाने वाजवून पाहिले की ते फुटके आहे हे आवाजावरून कळते. पण चीर कोठे आहे हे त्यावरून कळत नाही. तसेच हे.

चीर शोधण्यास एक चाळणी होती. या संख्येचा कोणताही मूळ अवयव १३४ च्या कोणत्यातरी पटीहून एकाने अधिक असलाच पाहिजे. पण नेमकी कोणती पट? ती निघाली १४,४५,५८० वी! ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकन गणित परिषदेच्या सभेत कोल नावाच्या प्राध्यापकाने हे दोन अवयव मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. असे सांगतात, की तो एक शब्दही बोलला नाही. फळ्याच्या एका बाजूस त्याने दोनाचा घात काढला, दुसऱ्या बाजूस गुणाकार केला. दोन्ही उत्तरे जुळली, आणि तो जागेवर जाऊन बसला.

गुणाकार सोपा, अवयव पाडणे महाकठीण. याच विषमतेवर १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी गुप्तलेखनाची एक पद्धत उभारली. तिच्यात शेकडो अंकांच्या संख्या वापरतात. आमच्या या संख्येचे अवयव मात्र आजचे संगणक क्षणात पाडतात.

परंतु आम्हांस महत्त्वाचे वाटते ते निराळेच. मेर्सेनचे म्हणणे मानण्यास त्याच्या नावावर विश्वास ठेवावा लागे. कोलचे मानण्यास केवळ पाटी आणि पेन्सिल पुरे. आज घरी गेल्यावर आपणही हा गुणाकार करून पाहावा, आमच्याही शब्दावर विसंबू नये, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.