अर्जाचा कागद आणि संगणकाची पोच



कचेरीच्या कारभारात आवक बारनिशीच्या टेबलाला फारशी प्रतिष्ठा नसते. तथापि नागरिकाचा आणि शासनाचा पहिला संबंध तेथेच येतो. अर्ज हाती घेणे, सोबतची कागदपत्रे पाहणे, नोंदवहीत क्रमांक टाकणे आणि अर्जदारास पोच देणे ही कामे चोख झाली नाहीत, तर पुढची सर्व टेबले कार्यक्षम असूनही अर्जदाराच्या पदरी निराशाच येते. आज दाखला असो, शिष्यवृत्ती असो की अनुदानाची मागणी, हे टेबल पुष्कळ ठिकाणी संगणकाने घेतले आहे. महाराष्ट्रात २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम आला, ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावरून सेवांसाठी अर्ज घेतले जाऊ लागले, आणि कागद ‘अपलोड करणे’ हा शब्दप्रयोग खेड्यापाड्यांतही रुळला. अर्जदार बटण दाबतो तेव्हापासून त्याच्या हाती पोच पडेपर्यंत सर्व्हरवर काय घडते आणि काय घडावयास हवे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कागद येतो कसा?

संकेतस्थळावरील अर्जासोबत फाईल पाठविण्याची आज रूढ असलेली रीत नोव्हेंबर १९९५ मध्ये झेरॉक्स कंपनीतील अर्नेस्टो नेबेल व लॅरी मॅसिंटर यांनी मांडली. या रीतीत संपूर्ण अर्ज एकाच लखोट्यात घातल्यासारखा येतो. आत निरनिराळे भाग असतात आणि दोन भागांच्या मध्ये सीमारेषा म्हणून एक ठरावीक अक्षरमाला असते. फाईलच्या भागावर तिचे नाव व प्रकार लिहिलेला असतो. मात्र हे दोन्ही तपशील पाठविणाऱ्याच्या बाजूने लिहिलेले असतात. सर्व्हरने ते पडताळलेले नसतात. लखोट्यावर ‘दाखला’ असे लिहिले आहे म्हणून आत दाखलाच असेल, असे कोणताही अनुभवी कारकून गृहीत धरीत नाही. संगणकाच्या आवकेचा सारा कारभार याच सावधगिरीवर उभारावा लागतो.

मर्यादेचा अडसर

पीएचपी ही सर्व्हरवरील कामासाठी फार वापरली जाणारी भाषा आहे. तिच्या व्यवस्थेत आलेली फाईल प्रथम तात्पुरत्या जागी ठेवली जाते आणि त्या अर्जाचे काम संपताच तेथून आपोआप नाहीशी होते. ती तपासून वेळीच कायम जागी हलविणे हे आज्ञावलीचे कर्तव्य ठरते. काही बदल न केल्यास एका फाईलची मर्यादा २ एमबी आणि संपूर्ण अर्जाची ८ एमबी असते. तिच्या पुढे दारवानासारखा एनजिनएक्स हा सर्व्हर बसविलेला असेल, तर त्याची मूळ मर्यादा अवघी १ एमबी. मोबाईलवर काढलेले दाखल्याचे छायाचित्र याहून सहज मोठे भरते.

अर्जाची ८ एमबीची मर्यादा ओलांडली गेली, तर पीएचपीच्या आज्ञावलीस फाईल मिळत नाही, आणि अर्जात भरलेला मजकूरही मिळत नाही. मग अर्जदारासमोर ‘नाव भरणे आवश्यक आहे’ अशी भलतीच सूचना येते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी केंद्रात रांगेत उभी राहिलेली विद्यार्थिनी यावरून एवढेच समजते की, आपलेच काहीतरी चुकले. वस्तुतः चूक व्यवस्थेची असते. यास्तव सर्व ठिकाणच्या मर्यादा एकमेकींशी जुळविलेल्या असाव्यात आणि फाईल निवडण्यापूर्वीच ती मर्यादा स्वच्छ मराठीत सांगितलेली असावी. फाईल मोठी आहे, अर्धवट पोचली आहे, निवडलीच गेली नाही, की सर्व्हरवर लिहिता आली नाही, हे पीएचपी निरनिराळ्या संकेतांकांनी कळविते. यांतील शेवटचे कारण कचेरीचे आहे, अर्जदाराचे नाही. ही सर्व कारणे ‘तांत्रिक अडचण’ या दोन शब्दांखाली झाकणे उचित नव्हे.

नावावर न जाता अंतरंग पाहावे

फाईलच्या नावाचा शेवट बदलणे कोणासही शक्य आहे. म्हणून तिचे आरंभीचे अंश तपासावे लागतात. पीडीएफ फाईलच्या प्रारंभी टक्क्याचे चिन्ह व ‘पीडीएफ’ ही अक्षरे असतात. जेपीईजी व पीएनजी चित्रांचीही आपापली ठरावीक खूण असते. एवढ्यानेही भागत नाही, कारण चित्राची खूण पुढे लावून मागे आज्ञावली दडविता येते. चित्र उघडून ते नव्याने लिहून घेणे, अर्जास लागणारे दोनतीन प्रकारच स्वीकारणे आणि फाईल अशा जागी ठेवणे की तेथून ती आज्ञावली म्हणून कधीच चालविली जाणार नाही, हे उपाय एकत्रितपणे योजावे लागतात.

नावाची कथा आणखी निराळी आहे. दोन अर्जदारांनी ‘दाखला’ याच नावाची फाईल पाठविली आणि व्यवस्थेने तीच नावे कायम ठेवली, तर दुसऱ्याचा कागद पहिल्याच्या कागदावर लिहिला जातो व पहिल्याचा कायमचा नष्ट होतो. काही आज्ञावल्या केवळ रोमन अक्षरे शिल्लक ठेवतात. तेथे देवनागरी नाव संपूर्ण पुसले जाते. म्हणून साठवणुकीसाठी सर्व्हरने स्वतःचे, अंदाज बांधता न येणारे नाव द्यावे आणि अर्जदाराने दिलेले मूळ नाव केवळ नोंदीत जपावे.

दारातच झालेला घात

ही सावधगिरी किती खोलवर हवी, याचे उदाहरण अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतविषयक माहिती ठेवणाऱ्या कंपनीचे आहे. आपल्या पतनोंदीबद्दल नागरिकांनी तक्रार नोंदवावी, यासाठी तिचे संकेतस्थळ होते. त्यामागे वापरलेल्या अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधील, अपलोड होऊन आलेल्या फाईलचे भाग सुटे करणाऱ्या घटकात दोष होता. प्रकाराच्या जागी विपरीत मजकूर आला, तर ‘मजकूर चुकीचा आहे’ अशी सूचना तयार करताना तोच मजकूर आज्ञा म्हणून अमलात येई. म्हणजे लखोटा फोडण्यापूर्वीच घात होत असे. मार्च २०१७ मध्ये दोषाची दुरुस्ती प्रसिद्ध झाली. परंतु या संकेतस्थळावर ती वेळीच केली गेली नाही. मे ते जुलै या काळात सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली. आज्ञावली विकत घेतली वा करवून घेतली की जबाबदारी संपते, हा समज या घटनेने खोटा ठरविला. दुरुस्त्या वेळच्या वेळी बसविणे हाही आवकेच्या कामाचाच भाग होय.

सांभाळ आणि पोच

कागद आत आल्यावर तो कोणी पाहावा, हा प्रश्न उरतो. फाईलच्या पत्त्यात अनुक्रमांक असेल आणि तो बदलताच शेजाऱ्याचा जातीचा दाखला किंवा बँकेचे पासबुक उघडत असेल, तर ती कचेरी दप्तरखान्याची किल्ली रस्त्यावर टाकून बसली आहे, असेच म्हणावे लागेल. प्रत्येक वेळी मागणाऱ्याचा अधिकार तपासूनच फाईल दिली पाहिजे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमाचा आशयही हाच आहे की, माहिती घेणाऱ्याने ती राखण्याची जबाबदारीही घ्यावी.

शेवटी पोच. फाईल कायम जागी गेली, तिची नोंद झाली, यानंतरच पोच द्यावयाची असते. आधी पोच दिली आणि नंतर फाईल हरवली, तर अर्जदाराजवळ क्रमांक राहतो आणि कचेरीजवळ काहीच राहत नाही. पोचेत फाईलचा आकार, वेळ आणि तिच्या अंशांवरून काढलेला ठसा नोंदविलेला असेल, तर पुढे वाद उद्भवल्यास तोच कागद मिळाला होता की नाही, हे ताडून पाहता येते. जेथे जोडणी वारंवार तुटते, तेथे मोठी फाईल तुकड्यातुकड्यांनी घेण्याची व भरलेला मजकूर जपून ठेवण्याची सोय असावी.

नवीन व्यवस्था गावात किंवा शाळेत येते, तेव्हा पंचायत सदस्यांनी, शिक्षकांनी व अधिकाऱ्यांनी तिची परीक्षा स्वतःच घ्यावी. साध्या मोबाईलवरून, मराठी नावाची, थोडी मोठी फाईल पाठवून पाहावी. मध्येच जोडणी तोडावी. नाकारल्यास कारण कळते का, आणि स्वीकारल्यास तीच फाईल परत उघडते का, हे तपासावे. या परीक्षेस तांत्रिक पदवी लागत नाही. दुर्गम पाड्यावरून आलेला एक कागद परका म्हणून तपासला जावा आणि आपला म्हणून सांभाळला जावा, एवढीच या कामाची कसोटी आहे.