आज कोण नव्हतं?



देवावर श्रद्धा असली म्हणजे दर रविवारी चर्चला जायलाच हवं का? की मनात श्रद्धा आहे, वागणं सरळ आहे, एवढं पुरे? अलीकडे आमच्या घराघरांतून हा प्रश्न ऐकू येतो. पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुलं विचारतात, ‘देव सगळीकडे आहे ना? मग त्याला भेटायला रविवारी सकाळी नऊचीच वेळ का?’ या विचारण्यात उद्धटपणा नाही. सहा दिवस लोकलच्या दाराशी लोंबकळणाऱ्या माणसाला सातव्या दिवशी झोप हवी असते, हे कुणालाही कळेल. आणि हा प्रश्न एकट्या ख्रिस्ती माणसाचा नाही. एकादशीला देवळात जाणाऱ्याला, शुक्रवारी नमाजाला जाणाऱ्यालाही तो कधी ना कधी पडतोच. मी ख्रिस्ती आहे, म्हणून माझ्या अंगणात उभा राहून बोलतो.

आमचं अंगण तसं लहान. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी. माझं बालपण अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलं. अमेरिकन मराठी मिशननं नगरला १८३१ साली काम सुरू केलं, आणि ‘ज्ञानोदय’ हे मासिक तिथूनच १८४२ साली निघालं. आमच्या खेड्यातलं चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि शेणानं सारवलेली जमीन. घंटा नव्हती, कडुनिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला असे, तोच ठोकत. हंगामाच्या सणाला कुणी ज्वारीची कणसं आणी, कुणी कोंबडी, कुणी चार अंडी. उपासनेनंतर त्याचा लिलाव व्हायचा आणि एका भोपळ्याला बाजाराच्या चौपट भाव यायचा. देवाला भोपळा नको असतो, हे आम्हा पोरांनाही ठाऊक होतं. पण त्या दिवशी अख्खी मंडळी एका जागी असे, आणि तेवढ्यानं आम्हाला सण झाल्यासारखं वाटे.

शास्त्रात पाहायला गेलं तर या प्रश्नाला दोन्हीकडून आधार सापडतो. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईनं येशूला विचारलं होतं, की उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमात? येशूनं तिला सांगितलं, की खरी उपासना जागेला बांधलेली नसते. ती आत्म्यानं आणि खरेपणानं होते. झालं! झोपणाऱ्याला आधार मिळाला. पण लूकच्या शुभवर्तमानात असंही लिहिलं आहे, की शब्बाथ दिवशी सभास्थानात जाण्याचा येशूचा परिपाठ होता. म्हणजे जागेला देव बांधलेला नाही असं सांगणारा स्वतः मात्र दर आठवड्याला सगळ्यांबरोबर जाऊन बसत होता.

मराठी ख्रिस्ती समाजात या प्रश्नाशी सगळ्यांत प्रामाणिकपणे कुणी झुंज घेतली असेल, तर ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे घर दुभंगलं, आणि ते पुन्हा कसं सांधलं गेलं, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपण वाचलं असेल. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं मानणारा हा कवी मिशनच्या चौकटीत मावेना. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा सगळ्या ख्रिस्तभक्तांना तिथं दार उघडं होतं. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले. दरबार त्यांच्यामागे फार चालला नाही. पण मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. संस्था सोडल्यावर टिळक एकटे ध्यानाला बसले नाहीत. त्यांनी माणसं जमवली. आणि आजही ‘उपासना संगीत’ उघडून आम्ही रविवारी गायला उभे राहतो, तेव्हा त्यातली कितीतरी पदं टिळकांचीच असतात. संस्था सुटली तरी संगत सुटली नाही.

आता थोडं घरचं सांगतो. माझी पत्नी सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. बत्तीस वर्षं नोकरी झाली. रात्रपाळी, दिवसपाळी, त्यात पुन्हा रजेवर गेलेल्या सिस्टरची पाळी. महिन्यातून एखादाच रविवार तिच्या वाट्याला यायचा. मी मात्र शाळामास्तर. माझा रविवार कधी चुकायचा नाही. मंडळीत काहीजण खोचकपणे विचारत, ‘बाई हल्ली दिसत नाहीत उपासनेला?’ ती हसून सोडून द्यायची. पण रविवारी मी घरी आलो, की ती एक प्रश्न हमखास विचारायची. पाळकांनी प्रवचन कशावर केलं, हा प्रश्न नसायचा. गाणी कोणती झाली, हाही नाही. ती विचारायची, ‘आज कोण नव्हतं?’

मी आठवून सांगायचो. अमुक आजी नव्हत्या, खालच्या आळीतला तो मुलगा नव्हता. मग सोमवारी कामावर जाताना किंवा येताना ती त्या घरी डोकावायची. आजींच्या पायाला सूज आलेली असायची. मुलाची नोकरी गेलेली असायची आणि त्याला चारचौघांत यायची लाज वाटत असायची. या भेटी आठ-दहा मिनिटांच्याच असत. पण मला हळूहळू कळत गेलं, की मी चर्चला जात होतो आणि ती मंडळीत होती. या दोन गोष्टी एक नव्हेत.

मग कोरोना आला. २०२० च्या मार्चमध्ये सगळी प्रार्थनास्थळं बंद झाली. त्या वर्षीचा ईस्टर, १२ एप्रिलचा, आम्ही स्वयंपाकघरात ओट्याला टेकवलेल्या मोबाइलसमोर साजरा केला. महाराष्ट्रात देवळं, मशिदी, चर्च १६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याच्या दिवशी उघडली. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला उघडली. तोवर मोबाइलवरची उपासना बऱ्याच जणांच्या अंगवळणी पडली होती. सोयीचं होतं. चहा घेत ऐकता येत होतं, प्रवचन लांबलं तर बंद करता येत होतं. माझ्या मागच्या बाकावर एक गृहस्थ बसतात, ते गेली तीस वर्षं भसाड्या आवाजात बेसूर गातात. त्यांच्यापासूनही सुटका झाली होती. गंमत अशी, की मला चुकल्याचुकल्यासारखं वाटे ते नेमकं त्या आवाजावाचून. मोबाइलवर आपल्याला हवं तेच ऐकता येतं. बाकावर शेजारी कोण बसावं, हे मात्र आपल्याला निवडता येत नाही.

त्या दुसऱ्या लाटेत, एप्रिलमध्ये, माझी पत्नी गेली. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. अकरा दिवस ती दवाखान्यात होती. मंडळीनं फोनवरून साखळी प्रार्थना केली. रात्री दोन वाजताही कुणी ना कुणी जागं होतं. दफनाला मोजकी माणसं होती. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका घरातला माणूस बरा होऊन परतला, आणि घरच्यांनी सगळ्यांना निरोप पाठवला, की देवानं आमची प्रार्थना ऐकली. त्यांचा आनंद खरा होता, मला त्याचा राग नाही. पण श्रोतेहो, माझ्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तो टाळता येण्यासारखा नव्हता. त्यांची ऐकली, तर मग माझी ऐकली नाही का?

या प्रश्नाला चटकन दिलेलं कुठलंही उत्तर मला खोटं वाटतं. ‘देवाची इच्छा’ म्हणून मोकळं होणारे भेटले, ‘विश्वास कमी पडला’ म्हणणारेही भेटले. देव म्हणजे अर्जांवर मंजूर-नामंजूर असा शेरा मारणारा साहेब असेल, तर त्याच्या कचेरीत मी पुन्हा कशाला जाऊ? पण ज्या ख्रिस्ताचं नाव आम्ही घेतो, त्यानं स्वतः गेथशेमानेच्या बागेत प्रार्थना केली होती, की शक्य असेल तर हा प्याला माझ्यापासून दूर होऊ दे. तो दूर झाला नाही. आमच्या धर्माच्या गाभ्यातच एक न मिळालेलं मागणं आहे. २००७ साली मदर तेरेसांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली, तेव्हा कळलं, की अनेक दशकं त्यांना देवाच्या सान्निध्याची जाणीवच होत नव्हती. आत नुसता अंधार होता. तरी त्या रोज पहाटे प्रार्थनेला बसत होत्या आणि मग रस्त्यावरच्या मरणोन्मुख माणसाला उचलायला जात होत्या. काहींनी म्हटलं, हे ढोंग. मला ते ढोंग वाटत नाही. भावना आटल्यावरही जी टिकते, तिलाच आपण निष्ठा म्हणतो ना?

मग रोजच्या जगण्यात देवाचं काम काय? माझ्या पत्नीची एक प्रार्थना मला पाठ आहे. रात्रपाळीला निघताना दारात चपला घालता घालता ती म्हणायची. सगळे रोगी बरे होऊ देत, असं ती मागत नसे. बत्तीस वर्षांत तिनं पुष्कळ मरणं पाहिली होती. ती म्हणायची, ‘माझ्या हाताला घाई होऊ देऊ नको आणि तोंडाला कडवटपणा येऊ देऊ नको.’ बस, एवढंच. पहाटे चार वाजता विसाव्या खाटेवरचा म्हातारा सहाव्यांदा हाक मारतो, तेव्हा देवाचं जे काही काम असेल ते तिथं असतं.

पंडिता रमाबाईंचंही मला असंच वाटतं. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही चर्चच्या अधिकाऱ्यांचं सांगणं त्यांनी मुकाट मान्य केलं नाही. पटल्याशिवाय मान डोलावणाऱ्या त्या नव्हत्या. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो उपाशी मुली आणल्या. केडगावच्या मुक्ती सदनात प्रार्थना होती, तशीच शाळा होती, शेती होती, छापखाना होता. आणि आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी साध्या बायकांना समजेल अशा मराठीत सबंध बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून आणण्यात घालवली. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. प्रार्थना कुठं संपली आणि काम कुठं सुरू झालं, याची रेघ त्यांच्या आयुष्यात ओढता येत नाही.

तर मग चर्च हवं कशाला? ऑक्टोबरात चर्च उघडलं तेव्हा पहिले तीन रविवार मी गेलो नाही. जावंसं वाटलं नाही. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी दार वाजलं. मागच्या बाकावरचे तेच भसाड्या आवाजाचे गृहस्थ. आमची कधी फारशी मैत्री नव्हती. ते बसले, चहा घेतला, पावसाचं बोलले, कांद्याच्या भावाचं बोलले. पत्नीचा विषय काढला नाही, शास्त्रवचन सांगितलं नाही. निघताना जिन्यावर म्हणाले, ‘पुढचा बाक रिकामा असला, की सूर सापडत नाही.’ त्यांना सूर कधीच सापडलेला नाही, हे मी बोललो नाही. पुढच्या रविवारी मी गेलो.

हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण ऐकला असेल. शंभरांपैकी एक नाही, हे मेंढपाळाला कळतं. पण कळण्यासाठी आधी मोजावं लागतं, आणि मोजायला सगळी एका जागी यावी लागतात. चर्चला जाण्याचा मला कळलेला अर्थ एवढाच आहे. आपण आलो नाही हे कुणाला तरी जाणवेल आणि कोण आलं नाही हे आपल्याला जाणवेल, अशी ती जागा आहे. हजेरी देवाला द्यायची नसते. त्याला ती लागत नाही. ती एकमेकांना द्यायची असते.

याचा अर्थ आमच्या मंडळ्यांत सगळं आलबेल आहे असा नाही. ज्या चर्चमध्ये न येणाऱ्याची आठवण फक्त वर्गणीच्या वहीवरून होते, जिथं मालमत्तेपायी वर्षानुवर्षं कोर्टात खेटे चालतात, जिथं धर्मांतराला चार पिढ्या झाल्या तरी सोयरीक ठरवताना जात विचारली जाते, तिथं तरुण मुलं येत नसतील तर दोष एकट्या मुलांचा नाही. न्याय नसलेल्या उत्सवांचा मला वीट आला आहे, असं देव बोलल्याचं आमोस संदेष्ट्यानं फार पूर्वी लिहून ठेवलं आहे. आणि वेदीपाशी दान आणलंस, पण भावाशी वाकडं आहे हे आठवलं, तर दान तिथंच ठेव आणि आधी भावाकडे जा, ही तर येशूचीच शिकवण. म्हणजे चर्चमधून उठून बाहेर जायला खुद्द त्यानंच सांगितलं आहे. बांधावरून भांडणारे दोन भाऊ दर रविवारी एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतात आणि सोमवारी एकमेकांची वाट अडवतात, तेव्हा त्यांची रविवारची हजेरी कुठल्या वहीत धरायची?

म्हणून तरुणांना मी नरकाची भीती घालत नाही, आणि चर्चला न जाणाऱ्याला नास्तिकही म्हणत नाही. सांगायचं ते इतकंच, की एकट्यानं जपलेली श्रद्धा सुखाच्या दिवसांत पुरते. दुःखाच्या दिवसांत तिला चार खांदे लागतात, आणि ते आयत्या वेळी गोळा करता येत नाहीत. वर्षानुवर्षं शेजारी बसून, एकमेकांचा बेसूर ऐकून ते तयार होतात. देऊळ असो, मशीद असो, चर्च असो, तिथून घरी परतताना कोण कोण भेटलं ते आठवावंच. पण घटकाभर थांबून हेही आठवावं, की आज कोण नव्हतं. आणि मग सोमवारी वाट वाकडी करून त्या दारावर एक थाप मारावी.