साखरेला दर, उसाला दर, तोडणाऱ्याला तडजोड

श्रीपूरकर मंडळी, संमेलनाच्या अध्यक्षाने साहित्यावर बोलावे आणि शाल-श्रीफळ घेऊन घरी जावे, असा संकेत आहे. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 मध्ये स्थापन केलेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटमुळे ज्या गावाचे नाव झाले, तिथे उभे राहून तो पाळायची माझी तयारी नाही. उसाला एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर आहे, 2025-26 साठी टनाला 3,550 रुपये. साखरेलाही किमान विक्री दर आहे. 2019 मध्ये तो किलोला 31 रुपये झाला. दोन्ही सरकारने बांधून दिलेले. फडात उतरणाऱ्याचा दर मात्र संप, इशारे आणि पुढाऱ्यांची मध्यस्थी होऊन साखर संघाच्या बैठकीत ठरतो. जानेवारी 2024 मध्ये तो टनाला सुमारे 273 रुपयांवरून 366 झाला आणि 34 टक्के वाढ म्हणून तिचे कौतुक झाले.

कौतुकाआधी हिशेब मांडू. एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोने मिळून, दिवसाला दोन टन ऊस तोडला असे धरा. माणशी 366 रुपये पडले. त्यात वाढे छाटणे, पाला काढणे, मोळ्या बांधणे आणि त्या डोक्यावरून गाडीत भरणे आले. गाडी रात्री आली तर भरणीही रात्रीच. बारा तासांनी भागा, तासाला साडेतीस रुपये. रोजगार हमीचा 2025-26 चा दर 312 रुपये, आठ तास धरले तर तासाला 39. हाताला दुसरे काम नसताना सरकार जे देते, त्याहूनही हा दर खाली! बाईचा दिवस तर कोपीतल्या चुलीपासून सुरू होतो आणि आजारपणात बसून राहिली तर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड लागतो. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कारणे अनेक असतील, पण खाडा परवडत नाही हे त्यातले एक आहे.

तोडणीचा दर वाढवा म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला: दर वाढला की शेतकरी मरतो. तोडणी-वाहतूक त्याच्याच बिलातून कापली जाते, म्हणून आक्षेप पोकळ नाही. पण 2024 ची सगळी वाढ टनाला 93 रुपयांची. 3,550 च्या तुलनेत तीन टक्क्यांहूनही कमी. सव्वादहा टक्के उताऱ्याने टनामागे 102 किलो साखर निघते, म्हणजे किलोला नव्वद-एक पैसे. ते साखरेच्या भावात धरा आणि शेतकऱ्याला त्यातून सोडवा. अल्पभूधारकाला पुढे करून मजुराशी घासाघीस करणे हा जुना डाव आहे. हार्वेस्टर येतील ही धमकीही आता शिळी झाली. यंत्रे आलीच आहेत, स्वस्त मजुरीने ती थांबली नाहीत.

दुसरा आक्षेप उचलीचा, म्हणजे हंगामाआधी दिलेल्या आगाऊ रकमेचा. लाखांनी उचल घेऊन टोळ्या पळतात, मुकादम बुडवतात, हे खरे आहे आणि त्यात ट्रॅक्टर काढलेली आपलीच पोरे कर्जबाजारी झाली आहेत. पण हंगामभर राबून उचल फिटत नसेल, तर दर अपुरा आहे हेच त्यातून सिद्ध होते. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करवून घेतलेले काम ही वेठबिगारीच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये आशियाड मजुरांच्या खटल्यात सांगितले. 1948 च्या किमान वेतन कायद्यात तर उक्त्या कामालाही किमान दराची तरतूद होती. म्हणून पुढच्या करारातून कोयता हे मजुरीचे एकक काढून टाका. आठ तासांत सरासरी माणसाच्या हातून किती तोड होते ते मोजा, त्यावर किमान वेतन बसेल असा टनाचा दर बांधा, भरणीचे वेगळे द्या, आणि बाईची मजुरी मुकादमाच्या वहीत नव्हे, तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा करा.