कारास्योकचा मार्च

नॉर्वेच्या अगदी उत्तरेला, समुद्रापासून आत, नदीच्या खोऱ्यात कारास्योक हे सामी लोकांचं छोटंसं गाव आहे. १८८६च्या जानेवारीत इथे उणे ५१.४ अंश तापमान नोंदलं गेलं. नॉर्वेचा तो आजही नीचांक आहे.

मार्चमध्ये इथला दिवस रोज आठ मिनिटांहून अधिक वाढतो, पण थंडी काही हटत नाही. आभाळ निरभ्र असलं की बर्फ रात्रभर उष्णता सोडत राहतो आणि गार, जड हवा उतारावरून घरंगळत खोऱ्यात साचते. ढग आले, तर तेच गावाचं पांघरूण!

खरी काळजी पुढेच आहे. दुपारच्या उन्हात बर्फाचा वरचा थर पाझरतो आणि रात्री गोठून त्याची कडक खपली होते. माणसाला त्यावरून चालणं सोपं जातं, पण रेनडिअरचे फार हाल होतात. खुरांनी बर्फ उकरून ती खालचं दगडफूल खातात. हो, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच गोतातलं. खपली जाड झाली, की हा घास त्यांना मिळत नाही. आणि या दिवसांत माद्या गाभण असतात. पिल्लं जन्मतात ती मे महिन्याच्या सुमारास.