पोर अंगाला का लागत नाही?



“पोरगं खातंय-पितंय, पण अंगाला लागत नाही!” हे बोलणं गावोगाव ऐकू येतं. मग कुणी दृष्ट काढतं, कुणी जंताचं औषध देतं, आणि महिना-दोन महिने तसेच निघून जातात. पुष्कळदा कारण साधंच असतं. पण कधी कधी त्यामागं क्षयरोग दडलेला असतो.

मोठ्या माणसाचा क्षय बेडका तपासून कळतो. लहान मुलाचं तसं नाही. त्याच्या शरीरात जंतू थोडे असतात, आणि वर आलेला बेडका ते थुंकत नाही, गिळून टाकतं. म्हणून एका तपासणीत जंतू दिसले नाहीत, एवढ्यावरून रोग नाही असं ठरत नाही. डॉक्टर मग छातीचा फोटो काढतात, सकाळी उपाशीपोटी जठरातलं पाणी नळीनं घेऊन तपासतात.

परंतु मूल दवाखान्यात गेलं तर हे पुढचं! पहिली शंका घरानं आणि शाळेनंच घ्यायची. चार खुणा ध्यानात ठेवा: 2 आठवड्यांहून जास्त खोकला; तितकेच दिवस ताप; वजन घटणं किंवा न वाढणं; आणि घरात क्षयाचा रोगी असणं.

ही चौथी खूण फार मोलाची. मुलाला क्षय बहुधा मोठ्यांकडूनच होतो. आजोबांना क्षयाचं औषध सुरू झालं, की नातवंडांनाही आरोग्य केंद्रात न्या. 5 वर्षांखालच्या मुलाला रोग नसला, तरी तो होऊ नये म्हणून औषध देतात.

आई म्हणते, “बी.सी.जी. टोचलीय की!” ती लस मेंदूच्या क्षयासारख्या भयंकर प्रकारांपासून पुष्कळ रक्षण करते, सगळ्या क्षयाची हमी मात्र देत नाही.

गुरुजी, आपला हजेरीपटही बोलतो. वारंवार गैरहजर राहणारं, खेळताना लवकर दमणारं मूल दिसलं, तर पालकांना एकट्यात बोलावून सांगा. चारचौघांत नाव घेतलंत, तर भीतीपोटी घर दुखणं लपवील.

सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहे. तो साधारण 6 महिने चालतो. थोड्याच आठवड्यांत मूल हसू-खेळू लागतं, आणि घरच्यांना वाटतं, झालं बरं! तिथंच गोळ्या सुटतात आणि रोग पुन्हा उचल खातो. डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत गोळी चुकवू नका.

तेव्हा मंडळी, उद्याच अंगणवाडीत मुलाचं वजन करून घ्या, आणि मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडून पाहा.