व्यापाऱ्यांचा संघ आणि रयतेचा संघ



सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या काळ्याभोर पट्ट्यात वसलेल्या या चोपडा गावाला आपण सारे शेतीचे गाव म्हणून ओळखतो; परंतु सतराव्या शतकात सुरतेच्या बंदरातून बऱ्हाणपुराकडे जाणारा जो हमरस्ता होता, त्याच्यावर नवापूर, नंदुरबार आणि थाळनेर मागे टाकल्यानंतर जी मोठी वस्ती लागे ती हीच. अबुल फजलने आपल्या 'ऐने-अकबरी'त या गावाच्या दाट वस्तीची आणि गिरणा-तापीच्या संगमावरील रामेश्वराच्या देवस्थानाची नोंद केली आहे. टॅव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या याच वाटेने गेला आणि बऱ्हाणपूरचे तलम कापड इराण, तुर्कस्तान, मस्कोव्ही व पोलंड येथवर पोहोचते, असे त्याने लिहून ठेवले. पोलंडचे नाव या रस्त्याच्या वर्णनात आले, तेव्हा त्या देशाच्या उत्तरेच्या समुद्रावर जो एक विलक्षण व्यापारी संघ शतकानुशतके नांदला, त्याची हकीकत आज तुमच्यापुढे मांडण्याचा मोह मला आवरत नाही. कारण ज्या प्रश्नाशी आज पदवी घेणाऱ्या तुम्हां सर्वांची गाठ पडणार आहे, त्याचे अर्धे उत्तर त्या हकीकतीत आहे आणि उरलेले अर्धे तिच्यात मुळीच नाही.

बाल्टिक समुद्राच्या काठावरील ल्यूबेक हे शहर 1143 साली वसले. त्याच्या पाठीशी ल्यूनेबुर्ग येथील मिठागरे होती आणि समोर, स्कॅनियाच्या किनाऱ्यावर, दर शरद ऋतूत हेरिंग माशांचे अमाप थवे येत असत. उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य मानणाऱ्या ख्रिस्ती युरोपला मासे हवे होते, आणि ते टिकवण्यास मीठ हवे होते. या एका साध्या गरजेवर ल्यूबेक, हांबुर्ग, डान्झिग आदी शहरांनी परस्परांशी जे साहचर्य जोडले, त्यालाच हान्सा म्हणतात. लंडन, ब्रुग, नॉर्वेतील बर्गन आणि रशियातील नोव्हगोरोद येथे त्यांच्या मोठ्या वखारी होत्या. रशियाचे मेण व फरची कातडी पश्चिमेस जात, फ्लँडर्सचे कापड पूर्वेस येई. या संघाला राजा नव्हता, खडे सैन्य नव्हते, लिखित घटना नव्हती. 1356 साली सर्व शहरांच्या प्रतिनिधींची पहिली महासभा ल्यूबेकला भरली, आणि त्यानंतरही जो काही कारभार चालला तो सभांच्या ठरावांवर आणि एकमेकांच्या शब्दावर. असे असूनही 1370 मध्ये डेन्मार्कच्या राजाला या शहरांनी स्ट्रालझुंडच्या तहास भाग पाडले आणि स्कॅनियाच्या किनाऱ्यावरील चार किल्ले व त्यांच्या महसुलाचा दोन-तृतीयांश हिस्सा पंधरा वर्षांसाठी आपल्याकडे घेतला. त्याच 1370 साली दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने मलिक राजाला थाळनेरची जहागीर दिली आणि तिच्यातून खानदेशची फारूकी सत्ता उदयास आली. तेथे राजे व्यापाऱ्यांशी तह करीत होते आणि येथे एका सनदेने मुलूख वाटला जात होता, हा विरोधाभास मला नेहमीच विचारात पाडतो.

खड्या सैन्यावाचून एवढे सामर्थ्य आले कोठून? माझ्या मते ते बहिष्काराच्या शिस्तीतून आले. एखाद्या राज्याने संघाला दिलेल्या व्यापारी सवलती मोडल्या तर संघातील सारी शहरे एकदम तेथला व्यापार थांबवीत. 1358 ते 1360 या काळात फ्लँडर्सची अशी कोंडी झाली आणि अखेर ब्रुगला सवलती परत द्याव्या लागल्या. पण ही शिस्त केवळ परक्यांवर चालत नसे. इंग्लंडशी संघाचे युद्ध चालू असता कोलोनसारख्या बलाढ्य शहराने स्वतःच्या नफ्यासाठी इंग्रजांशी संधान ठेवले, तेव्हा 1471 मध्ये त्यालाच संघातून बाहेर काढण्यात आले आणि पाच वर्षांनी त्याला परत घेण्यात आले. आपल्या माणसाला आपल्याच नियमाने दंड करण्याची ज्या संस्थेची छाती होत नाही, तिचा बाहेरच्यावरही वचक राहत नाही, हे त्या वैश्यमंडळींनी ओळखले होते.

आपल्याकडे असे काही नव्हते, असा समज कोणी करून घेऊ नये. सुमारे 1,900 वर्षांपूर्वी राजा नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यातील भिक्षूंसाठी 3,000 कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून दिले. त्यांपैकी 2,000 वर दरमहा शेकडा एक आणि 1,000 वर शेकडा पाऊण असे व्याज ठरले, मुद्दल परत घ्यायचे नाही अशी अट होती, आणि हा सारा व्यवहार निगमसभेत जाहीर करून दफ्तरी नोंदवला गेला, असे तो शिलालेखच सांगतो. राजाचा जावई आपले द्रव्य विणकरांच्या संस्थेच्या हाती निर्धास्तपणे सोपवतो, यापेक्षा त्या संस्थेच्या पतीचा दुसरा पुरावा कोणता हवा? पुढे अय्यावोळेच्या पाचशे स्वामींचा व्यापारी संघ दक्षिणेत पसरला, आणि शिलाहारकालीन कोल्हापूरच्या लेखात त्याच्या वीरबणंज म्हणवणाऱ्या व्यापाऱ्यांनी देवस्थानासाठी आपल्या मालावर स्वखुशीने कर बसवून घेतल्याचे दिसते.

सुरतेचे उदाहरण तर याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचे आहे. 1669 च्या सप्टेंबरात तेथील काझीच्या जुलमाला कंटाळून भीमजी पारेख यांच्या पुढाकाराने वाणी व्यापारी शहर सोडून भडोचला निघून गेले. इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांत त्यांची संख्या 8,000 दिली आहे. पेढ्या बंद पडल्या, बाजार ओस झाला, आणि बादशाही आश्वासन मिळाल्यावर डिसेंबरात ते परतले. शस्त्र न उचलता औरंगजेबाच्या अमलातील एका काझीला त्यांनी हतबल केले. आणि त्याच वर्षी, 1669 मध्येच, तिकडे ल्यूबेकला हान्साची अखेरची महासभा भरली, तिला मूठभर शहरांचेच प्रतिनिधी आले.

हान्सा का मोडला, याची कारणे इतिहासकार पुष्कळ सांगतात: डचांची अधिक कार्यक्षम गलबते, प्रबळ होत गेलेली राज्ये, 1494 मध्ये इव्हान तिसऱ्याने बंद केलेली नोव्हगोरोदची वखार. ती सारी खरी आहेत. मला मात्र बर्गनची वखार अधिक बोलकी वाटते. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरील कोळी वाळवलेला कॉड तेथे आणीत, आणि त्यांना धान्य उधार मिळे. पुढच्या हंगामाचा मासा आजच्या धान्यापोटी आधीच बांधला जाई आणि कर्ज कधी फिटत नसे. महासभेत त्या कोळ्याचे आसन नव्हते. संघ शहरांचा होता, श्रीमंत वैश्यांचा होता. ज्याच्या जाळ्यातून तो मासा निघे, तो माणूस त्या वैभवाचा कर्जदार तेवढा होता.

खानदेशातल्या श्रोत्यांना ही हकीकत परकी वाटणार नाही. 1679 साली मराठी फौजांनी धरणगाव आणि चोपडा लुटले, तेव्हा या मुलखातल्या अत्यंत भरभराटीच्या पेठा म्हणून त्यांचे नाव होते. परंतु त्या भरभराटीत कापूस पिकवणाऱ्याचा वाटा किती होता, हे विचारण्याची पाळी फार उशिरा आली. 1936 च्या डिसेंबरात येथून जवळच फैजपूरला, पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली, काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले आणि शेतसारा, खंड व कर्ज यांबाबतचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम तेथे संमत झाला. त्यानंतरच्या पिढीने सहकारी सोसायट्या काढल्या, साखर कारखाना उभारला, सूतगिरणी उभारली. व्यापाऱ्याला संघाची जी शक्ती सहजच लाभत आली होती, ती रयतेला मिळावी म्हणून झालेला हा उद्योग होता, आणि तो अपुरा राहिला आहे हे या तालुक्यातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. केळीचे घड उभ्या बागेत असताना भाव बाहेरच्या बाजारात ठरतो, आणि एकेकटा शेतकरी तो मुकाट्याने स्वीकारतो. बर्गनच्या कोळ्याहून त्याची अवस्था फार निराळी आहे असे मला म्हणवत नाही.

संस्था काढल्याने संघ होत नाही. जेथे सभासद वार्षिक सभेस फिरकत नाहीत, जेथे आपल्या भाऊबंदाची थकबाकी विचारणे म्हणजे उद्धटपणा ठरतो, जेथे जमाखर्च तपासणे हे हिशेबनीसाचेच काम मानले जाते, तेथे कोलोनला बाहेर काढणारी शिस्त येणार कोठून? तुमच्यापैकी कोणी वाणिज्य शिकले, कोणी विज्ञान, कोणी वाङ्मय. त्यांपैकी बहुतेकांचे वडील या ना त्या सोसायटीचे सभासद असतील, आणि आज ना उद्या त्यांचा तिच्यातला भाग तुमच्या नावावर होईल.

म्हणून माझी तुम्हांला एकच विनंती आहे. यंदा तुमच्या गावच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा भरेल तेव्हा तिला हजर राहा. ताळेबंद हाती घेऊन वाचा, न समजेल ते उभे राहून विचारा, थकबाकीदारांच्या यादीत आपल्या घरचे नाव असले तर ते सर्वांआधी आपणच सभेत सांगा, आणि ज्या शेतमजुराला त्या सभेत आज आसन नाही त्याचा प्रश्न ठरावाच्या रूपाने मांडून, तो इतिवृत्तात नोंदवल्याशिवाय घरी परतू नका.